सातशे पावलांचा आवाज

पठाराच्या टोकावर तीन वर्षं वारा मोजत उभी असलेली एक पेटी उतरवून आणायची, एवढंच आमचं काम होतं. मी हवामान कार्यालयात नोकरीला. ती पेटी मीच तिथे बसवली होती आणि तिच्यात साठलेल्या नोंदींवर माझं सगळं संशोधन अडून बसलं होतं. मदतनीस ऐन वेळी आजारी पडला, म्हणून माझा थोरला भाऊ ओझं उचलायला आला. दादा शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवून नुकताच मोकळा झालेला. वाट दाखवायला इथलीच एक मेंढपाळ बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. तिचा जन्म या पठारावर मेंढ्या राखण्यात गेला होता. तिच्या झोळीत एक जुना रेडिओ सतत गुणगुणत असे.

दादाच्या सामानात एक डबा होता. ‘नवशिक्यांसाठी: आपला पहिला ट्रान्समीटर.’ त्याच्या मुलीने त्याला दिलेला, घरी बसून आईचं डोकं खाऊ नका म्हणून. वाटेतल्या वनचौकीत वीज होती. तिथे पहिल्याच संध्याकाळी दादाने कावीया, म्हणजे झाळायची सळई, तापवून डब्यातल्या छोट्या पाटीवर दोन-तीन सुटे भाग जोडले.

“चाळीस वर्षं टाकेच घातले की,” तो म्हणाला. “हे गरम टाके, एवढंच.”

तिसऱ्या दिवशी पेटी हाती लागली. चौथ्या दिवशी परतताना धुकं उतरलं.

ते धुकं म्हणजे नुसता पांढरा अंधार होता. पायाखाली शेवाळाची जाड गादी, तिच्याखाली काळं पाणी, आणि मधूनच गवताने तोंड झाकलेले खड्डे. मावशी काठीने चाचपत पुढे, मी मध्ये, दादा मागे. तिघांच्या कमरेला एकच दोर. एकाएकी दोराला हिसका बसला. मी उताणी पडले. मागे वळून पाहते तो दादा मांडीपर्यंत आत! आम्ही दोघींनी दोर ओढला. तो वर आला, पण त्याचा डावा पाय खालच्या दगडांत अडकून पिळला गेला होता. नडगी मोडली होती. ते कळायला डॉक्टर लागणार नव्हता.

एका कोरड्या उंचवट्यावर तंबू ठोकला. दोन काठ्यांमध्ये पाय बांधला. दादा पांढराफटक पडला होता.

“दोघींनी याला उचलून न्यायचं म्हटलं तर तिघंही बुडू,” मावशी म्हणाली. “चौकीवरून माणसं आणायला हवीत. आज दिवसभर जायचं, उद्या परत यायचं. आणि दलदलीत एकट्याने जाता येत नाही, दोर धरायला दुसरा लागतो.”

“म्हणजे दादा एकटा राहणार?”

“ते नंतरचं. नदीपर्यंत मी वाहत्या पाण्याचा माग काढत जाईन. पण येताना काय? नदीच्या वळणापासून इथवर अर्ध्या तासाचं अंतर, आणि ओढे पन्नास. मला माझीच काठी दिसत नाही, तंबू कुठून दिसणार?”

“चिंध्या टाकत गेलं तर?”

“शेवाळ गिळतं. हाका माराव्यात, तर या धुक्यात हाक भलतीकडूनच आल्यासारखी वाटते.”

 झोळीतला रेडिओ कसल्याशा बातम्या सांगत होता. दादा त्याच्याकडे बघत होता.

“चिमे,” तो म्हणाला, “डब्यातलं यंत्र रेडिओवर ऐकू येतं ना?”

मी डबा उघडला. पाटी नखावर मावेल एवढी नव्हती, पण तळहाताहून लहानच. आतल्या कागदावर लिहिलं होतं की यंत्र सुरू केलं की साध्या रेडिओवर सलग ‘टीं टीं’ ऐकू येईल. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती. छोट्या रेडिओचं टोक सरळ ट्रान्समीटरकडे धरलं की आवाज बुजतो, आडवा धरला की वाढतो. म्हणजे रेडिओ दिशा दाखवतो!

वीज नव्हती. मग गॅसची छोटी शेगडी पेटवून दादाने कावीयाचं टोक ज्योतीत धरलं. तापलं की जेमतेम दोन टाके. गार झालं की पुन्हा ज्योतीत. मी सुटे भाग निवडून हातात देत होते, तो पालथा पडून जोडत होता. कळ आली की हात थांबायचा, श्वास सोडायचा, पुन्हा चालू व्हायचा. चौदा टाके व्हायला दोन तास लागले.

तेव्हा कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं: बॅटरी वेगळी घ्यावी.

आमचे टॉर्च चार्जिंगचे, बॅटरी आत चिकटवलेली. रेडिओच्या दोन सेलना हात लावणं शक्य नव्हतं. फोन तर तिसऱ्या दिवसापासूनच मेले होते. उरली वाऱ्याच्या पेटीची बॅटरी. ती काढली की पेटीच्या स्मरणातलं सगळं पुसलं जाणार होतं.

दादाला ते माहीत होतं. वाटेत मीच दहादा बजावलं होतं की पेटी आदळू नकोस, तिची तार हलवू नकोस.

“तिला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “धुकं काय जन्मभर राहतंय? दोन दिवस वाट बघू.”

“मास्तर, हे धुकं आठवडा आठवडा बसतं,” मावशी म्हणाली.

“मग आठवडा बसू. पोरीची तीन वर्षं आहेत त्यात.”

त्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा-निळा झाला होता. मी पेटीचं झाकण उघडलं. आतला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी तार उपसली. दिवा विझला. दादाने तोंड फिरवलं.

तार ट्रान्समीटरला लावली. रेडिओवर नुसती खरखर!

पुन्हा सगळे टाके तपासले. दादा पाटी डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहत होता. अखेर वेटोळ्याच्या तारेवर तो अडकला. “हिच्यावर वार्निश आहे. टाका वरच्यावर बसलाय, आत धरलाच नाही.” त्याने चाकूने तार खरवडली, कावीया तापवला, टाका घातला.

टीं. टीं. टीं.

पेटीसोबत तिच्या खांबाची तांब्याची तारही आणली होती, ती आम्ही दोन काठ्यांवर ताणली. मावशी रेडिओ घेऊन दोर धरून धुक्यात गेली, दोर संपल्यावरही पावलं मोजत गेली, आणि आवाजाच्याच मागाने परत आली. “सातशे पावलं. पुढे काही ऐकू येत नाही.”

“उद्या सकाळी दहाला सुरू करतो,” दादा म्हणाला. “तुम्ही येईपर्यंत बंद करणार नाही.” मग हळूच, “जा आता. वेळ घालवू नका.”

संध्याकाळी आम्ही चौकी गाठली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता चार वनरक्षक आणि स्ट्रेचर घेऊन नदीच्या वळणावर उभ्या होतो. धुकं तसंच. रेडिओवर खरखर.

अंदाजाने आत शिरलो. शंभर पावलं. दोनशे. एक रक्षक कमरेपर्यंत आत गेला, त्याला ओढून काढलं. तीनशे. मावशी कान लावून चालत होती. एकदम तिने हात वर केला.

टीं. टीं.

मी रेडिओ फिरवला. एका जागी आवाज बुजला. पण टोकं दोन, आणि दोन्ही उलट दिशांना! तंबू पुढे की मागे? तीस पावलं पुढे गेलो. आवाज बारीक झाला. मागे फिरलो, साठ पावलं. वाढला! त्या रोखाने निघालो.

आणि आवाज तुटला.

आम्ही जागच्या जागी थांबलो. एक मिनिट. पाच मिनिटं. बूट हळूहळू रुतत होते. रक्षकांचा म्होरक्या म्हणाला, “बाई, इथे उभं राहता येणार नाही. मागे वळावं लागेल.”

“अजून थोडं,” मी म्हणाले. “तो बंद करणार नाही म्हणालाय.”

“पण माणूस शुद्धीवर—”

“थोडं थांबा हो,” मावशी म्हणाली.

टीं. मग पुन्हा शांतता. मग अडखळत, टीं, टीं. एखाद्याने घसरता घसरता पुन्हा पकड घ्यावी तसं. आम्ही निघालो. तुटलं की थांबायचं, आलं की चालायचं. त्या अर्ध्या तासाच्या वाटेला पावणेदोन तास लागले. अचानक धुक्यातून तंबूची काठी माझ्या खांद्याला लागली.

दादा तंबूच्या ताणलेल्या कापडाला टेकून बसला होता. अंगात ताप. पाटी मांडीवर. उंच काठ्यांवरून आलेल्या तारेचा टाका रात्रीच्या वाऱ्याने उखडला होता, पाटीवरची तांब्याची पट्टीही त्याच्यासोबत निघाली होती. पुन्हा झाळायला गॅस उरला नव्हता. सकाळी दहापासून तो ती तार अंगठ्याने पाटीवर दाबून बसला होता. बोटं बधिर झाली की हात बदलायचा. अंगठ्याचं टोक निळं पडलं होतं.

मी त्याच्या हातातून पाटी घ्यायला गेले, तर त्याने सोडली नाही.

“दादा, आम्ही आलोय. आता सोड.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याच्याजवळ रेडिओ नव्हता. आपला आवाज कुठे पोचतोय की नाही, हे कळायला पाच तासांत त्याला कुठलाच मार्ग नव्हता.

“ऐकू येत होतं का गं?” त्याने विचारलं.

“येत होतं,” मी म्हणाले. “सगळ्या वाटेभर.”

मग त्याने अंगठा उचलला.