गेली का लाइट?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. आधी माझ्या मैत्रिणीनं हे सांगितलं, मग तिच्या मामानं. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तरी दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं.

भुतं रात्रीच येतात असं वाटणाऱ्यांनी तर जरूर वाचा. ही रविवारची भर दुपार होती. जागा, मैत्रिणीच्या घराखालचं गॅरेज.

मामा ऑफिसात फायली सरकवणारा माणूस, पण गाड्यांचं भारी वेड. गाडीला जोडून तिच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर त्यानं घेतला होता. नात्यात कुणाच्या गाडीत दिवा लागला की स्वारी हजर! मैत्रिणीचे वडील, म्हणजे त्याचे दाजी, त्याला चिडवायला 'डॉक्टर' म्हणायचे.

दाजींच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हाही डॉक्टरच धावला. स्कॅनरनं टायमिंगचा कोड दाखवला. इंजिनचे वरचे आणि खालचे भाग एका साखळीनं ताल धरून फिरतात, तो ताल चुकत होता. सकाळी गाडी सुरू करताना खडखडही ऐकू यायची. म्हणजे साखळी सैल झालेली. इंजिन उघडायला हवं होतं.

पण गाडी मेकॅनिककडे धाडली, तर मग डॉक्टरकीचा रुबाब कसला?

मामानं कोड पुसून टाकला. दिवा विझला.

दाजींनी बॉनेटवर अंगठीनं दोनदा ठोकलं. त्यांची सवयच ती.

टक... टक.

"काय डॉक्टर, गेली का लाइट?"

"गेली की! सेन्सरचे चाळे होते, दाजी. बिनधास्त फिरा."

त्याच आठवड्यात गाडी चालता चालता रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून ट्रक आला.

दाजी गेले.

त्या दिवशी मैत्रिणीनंच त्यांना फोन करून लवकर बोलावलं होतं. "माझ्यामुळे बाबा घाईत निघाले, घाईत त्यांनी गाडी बंद पाडली," म्हणत पोरगी रडून रडून अर्धी झाली. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ऐकत राहिला.

पुसलेल्या कोडचं मात्र सांगितलं नाही.

मग कळलं, विमा कंपनीचा माणूस गाडी तपासायला येणार आहे. कोड परत साठला असेल तर सगळं उघडं पडणार. म्हणून त्या दुपारी, घरातले जेवून आडवे झाल्यावर, तो किल्ली घेऊन गॅरेजात उतरला. शटर ओढून घेतलं.

गाडी मागून पार चेपलेली. पुढून मात्र धड, जणू आत्ता निघेल.

मामानं स्कॅनर जोडला, किल्ली अर्धी फिरवली. पडदा उजळला...

तोच कोड.

पुसला. पुन्हा वाचला...

तोच कोड.

तिसऱ्यांदा पुसला, आणि इंजिनातून आवाज आला...

खडखड... खडखड...

इंजिन सुरूच केलेलं नव्हतं.

त्यानं किल्ली उपटली, स्कॅनर खेचून काढला. खडखड थांबली. पिवळा दिवा मात्र तसाच...

बॅटरीची वायरच सोडवतो, असं म्हणून त्यानं बॉनेट उघडलं.

बॅटरी नव्हती.

रिकामी जागा. धूळ. वायरींची टोकं लोंबत होती.

आणि तो स्कॅनर चालतो गाडीच्याच विजेवर.

हातातून बॉनेट सुटलं आणि धाडकन आदळलं. मग त्याच्या नजरेसमोर, त्याच पत्र्यावर...

टक... टक.

समोर कुणीही नव्हतं.

तेवढ्यात शटर वर गेलं. आवाज ऐकून भाची धावत आली होती.

"मामा? काय करतोयस तू इथे?"

"बॅटरी... बॅटरी कुठंय गं?"

"ती काकानं कधीच काढून नेली." तिची नजर काचेतून आत गेली आणि तिथेच खिळली. "मग हा दिवा कसा लागलाय?"

म्हणजे तिलाही दिसत होता.

मामा तिच्याकडे वळला. "तुझ्या फोननं काही झालं नाही गं, बाळा. मी केलं. मला माहीत होतं साखळी गेलीय." आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं.

तिनं दिव्याकडे बघतच विचारलं,

"बाबांनी तुला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

मामानं मान खाली घातली. "म्हणालो, गेली."

गाडीतला दिवा विझला... आपोआप.

तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि वर निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही.

विम्याच्या माणसालाही मामानं खरं तेच सांगितलं. स्कॅनर फेकून दिला. मैत्रीण आता रात्री झोपते. मामा झोपत नाही. कुणाच्याही गाडीत बसला तरी त्याला ते ठोकणं ऐकू येतं म्हणे.

परवा मीच त्याला माझ्या गाडीतून घरी सोडलं. मी किल्ली फिरवली, समोरचा पिवळा दिवा लागला, आणि तो पुढे बघत हळूच पुटपुटला, "आहे, दाजी. अजून आहे."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मनाचे खेळ असतात, मामा.

पण खोटं कशाला सांगू...

ते टक टक मीही ऐकलं होतं.