समेटाचा हात

“आई, डावा हात दिला तर चालेल का?”

वेणीला रिबीन बांधता बांधता उत्कर्षाची बोटं थिजली. नऊ वर्षांची ओवी आरशात बघतच नव्हती. मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होती...

“कुणाला द्यायचाय हात?”

“सुबोधसरांना. आजोबा म्हणाले, सगळ्यांसमोर द्यायचा. मगच प्रभुभोजन.”

 म्हणजे सासऱ्यांनी ठरवलंच तर! संडेस्कूलच्या मुलांना गाणी शिकवणाऱ्या सुबोधसरांनी सराव संपल्यावर ओवीला एकटीला थांबवून नको तिथे हात लावला होता, आणि हे आपल्या दोघांचं गुपित म्हणून बजावलं होतं. पोरीनं ते आईला सांगितलं, आईनं सासऱ्यांना. सासरे देवदत्त चर्चच्या मंडळीचे पंच, त्यांचा शब्द पाळकसाहेबही मोडत नसत. ज्यांच्यात वितुष्ट असेल त्यांनी प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी, हात मिळवून समेट करायचा, हा मंडळीचा जुना रिवाज. त्यात भावाभावांची भांडणं मिटत, सासवा-सुना पुन्हा बोलू लागत. हेही तसंच मिटेल, असं त्या करारी माणसाला खरोखरच वाटत होतं...

“पोलिसात गेलीस तर या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही,” असंही त्यांनी सुनावलं होतं. नवरा होटगीला रेल्वेच्या ड्यूटीवर, तो फोनवर म्हणाला, “बाबा म्हणतील तसं कर.” आणि सासूबाई, लीलाबाई, चुलीपुढची पाठ न वळवता भाकरी थापत राहिल्या. उत्कर्षाला सगळ्यात जास्त लागली ती ती पाठ. पोटची लेक रुपाली लग्नानंतर एकदाही नाताळला माहेरी आली नाही, तेव्हाही या बाईनं का म्हणून विचारलं नव्हतं.

देवदत्त नातीला स्वतः चर्चमध्ये घेऊन गेले, आपल्याशेजारी पहिल्या बाकावर बसवलं. उत्कर्षा मागे बायकांच्या बाजूला बसली.  घर गेलं तर पोरीला घेऊन कुठे जायचं? आणि गप्प बसलं तर दर रविवारी पोर याच सुबोधसरांच्या हाती...

“ज्यांना समेट करायचाय, त्यांनी पुढे यावं,” पाळकसाहेब म्हणाले.

सुबोधसर उठले. हसत हसत त्यांनी हात पुढे केला. ओवीनं उजवा हात फ्रॉकच्या मागे लपवला, आणि आजोबांनी तिचं मनगट धरलं.

“तिचा हात सोडा, बाबा.”

आवाज आपलाच आहे, हे उत्कर्षाला उभी राहिल्यावर कळलं. सगळी मंडळी वळून बघू लागली. ती पुढे चालत गेली. पण तिच्या आधी कुणीतरी ओवीपाशी पोचलं होतं. प्रभुभोजनाचे प्याले मांडणाऱ्या लीलाबाई हातातलं तबक टेबलावर ठेवून आल्या होत्या, नवऱ्याची बोटं एकेक करून सोडवत होत्या.

“लीला, जागेवर जा.”

“न्हाय जात.” त्यांनी ओवीला आपल्याकडे ओढून घेतलं. “आपली रुपालीबी असाच हात मागं लपवायची. गाण्याला जात न्हाय म्हनायची. तिला आळशी म्हनून मी वढत आनायची... हितंच. ह्याच्याच पुढ्यात.”

 देवदत्तांचा हात तसाच हवेत राहिला.

लीलाबाई आणि ओवीसोबत रिक्षात बसल्यावर उत्कर्षानं पोलीस ठाण्याचं नाव सांगितलं, आणि तिला हुंदका आवरेना.

“आत्या,” ती सासूबाईंना म्हणाली, “तुमचंही घर गेलं.”

“मंद्रूपला भाऊ हाय की माझा. तिगींना पुरंल.” त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझ्याकडं पाठ फिरवून हुते, माझं चुकलं, पोरी. रुपालीला फोन लाव.”

पलीकडून आवाज आला, “आई? उपासना सोडून फोन?”

“रुपा, तू गाण्याला न्हाय म्हनायचीस, तुझं मी ऐकलं न्हाय. ओवीचं ऐकलंय. पोलीस ठान्यात चाललोय आमी.”

 रुपाली म्हणाली, “मी निघते, आई. मलाही सांगायचंय.”

लीलाबाई पदरात तोंड लपवून रडल्या. ओवी दोघींच्या मध्ये अंग चोरून बसली होती.

“आजी, तिथं कुणाला हात द्यावा लागतो का?”

“न्हाय, बाळा. कुनालाच न्हाय.”

 ओवीनं आपण होऊन आजीचा हात धरला, उजव्या हातानं.