थोडं डावीकडे

हसू नकोस. जुनी गाडी घेतलीस, चांगलं केलंस. पण खाली रोज तेलाचा ठिपका पडतो आणि तू खुशाल म्हणतोस, ‘काका, चालायचंच!’ ह्या ‘चालायचंच’ची एक गोष्ट आहे माझ्याकडे. बसा सगळे. तो दिवा जरा बाजूला करा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्ये खुसखुस नको. माझ्या मित्राची गोष्ट आहे, आणि खरी आहे.

माझं तेव्हा स्पेअर पार्टचं दुकान होतं. समोरच फोरमनचं गॅरेज. सगळे त्याला फोरमनच म्हणायचे, चिडली की बायकोसुद्धा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. आणि त्याची स्वतःची गाडी? तेवीस वर्षांची, तीन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली, आणि गळकी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ह्याचा पाषाण तेवढा कोरडा नव्हता! वहिनी म्हणायच्या, “अहो, एकदा आपली गाडी घ्या की खड्ड्यावर.” खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायला गॅरेजच्या जमिनीत खणलेला असतो तो. फोरमन म्हणायचा, “गळतंय म्हणजे आत तेल आहे. गळायचं थांबलं की सांग मला.” आम्ही हसायचो. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

एका रात्री वहिनींच्या छातीत कळ आली. त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाला. त्या आठवड्यात कामाची झुंबड होती, तेल बघायचं राहून गेलं होतं. नऊ किलोमीटरवर तेलाचा लाल दिवा लागला. थांबावं तर बायको हातातून जाते, न थांबावं तर इंजिन. हॉस्पिटल चारच किलोमीटर राहिलं होतं. तो थांबला नाही. दोन किलोमीटरवर इंजिन जाम झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक ट्रक थांबला, पण तोवर वहिनी गेल्या होत्या.

लोकांना त्याने सांगितलं, तेल भरलेलं होतं, तेलाचा पंप गेला. मुलीलाही तेच सांगितलं. पण ती गॅरेजात वाढलेली पोर. तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.” त्यानंतर बोलणंच बंद.

त्याने इंजिन सगळं उतरवून नव्याने बांधलं. तेल अडवणारी सगळी सीलं नवी, सगळे गॅस्केट नवे. तरी सकाळी खाली एक ठिपका असायचाच. पुन्हा खोलायचा, पुन्हा बांधायचा. वर्ष गेलं असं. माणूस वाळून काटकी झाला.

मग मुलीचा फोन आला. त्याला नाही, मला. जावई बोटीवर नोकरीला, हिला आठवा महिना, परगावी एकटी. म्हणाली, “काका, बाबांना सांगा, मी घरी येते. त्यांनीच न्यायला यावं. पण गाडी गळत असेल तर पाय ठेवणार नाही. आधी बघेन, मग बसेन.”

शुक्रवारी पहाटे निघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी, म्हणजे नऊ जानेवारी, गुरुवार, साडेसातला तो दुकानात आला. इंजिनाच्या मागच्या बाजूचं सील मागितलं. मी म्हटलं, “अरे, हे चौथं. वेड लागलंय का तुला? माझी गाडी घेऊन जा.” तो म्हणाला, “हिच्यातूनच आणायचीय तिला.” सील घेतलं आणि गेला. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं, ते जसंच्या तसं सांगतो.

गळती कुठून आहे ते शोधायची एक जुनी रीत आहे. इंजिन रॉकेलने धुवायचं, लख्ख पुसायचं, वरून पावडर मारायची आणि चालू करायचं. तेल जिथून निघतं तिथून पावडरवर काळी रेघ उमटते. त्याने इंजिन धुतलं, पुसलं. गॅरेजातली पावडर संपलेली. दुकानं बंद. घरात कपाटात वहिनींचा पावडरचा डबा होता, अर्धा भरलेला. वर्षभर त्याने त्याला हात लावला नव्हता.

डबा उघडला आणि सगळ्या गॅरेजात वहिनींचा वास पसरला. फोरमन तिथेच खाली बसून रडला. मग उठला आणि डबा इंजिनवर रिकामा केला.

शटर उघडं ठेवून वीस मिनिटं इंजिन चालवलं. मग इंजिन बंद केलं, थंडी होती म्हणून शटर आतून लावून घेतलं. टॉर्च लावून खड्ड्याच्या काठावर ठेवला, रेघ नीट दिसावी म्हणून वरचा दिवा मालवला आणि खाली उतरला. दिवा मालवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं, तेवढाच काय तो आवाज.

मान वर करून बघत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात. प्रकाश भलतीकडेच पडत होता. रात्रीच्या कामाला वहिनी वरून टॉर्च धरायच्या, इतक्या वर्षांची सवय… तोंडातून निघून गेलं,

“थोडं डावीकडे.”

प्रकाश डावीकडे सरकला.

“अजून.”

अजून सरकला.

काळी रेघ दिसली. रेघेच्या मागोमाग तो वर बघत गेला. सील नव्हतंच ते. इंजिनाच्या मागे, वरच्या अंगाला, ऑइल प्रेशरचा स्विच. तो लाल दिवा लावतो ना, तोच. अंगठ्याएवढा. तिथून तेल ओघळायचं आणि खाली सीलपाशी येऊन ठिबकायचं. सगळं इंजिन नवं केलं, आणि हा मात्र ‘चालतोय की’ म्हणून जुनाच बसवलेला.

“सापडलं गं,” तो म्हणाला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

वर कोणी नव्हतं. शटर आतून बंद होतं. टॉर्च त्याने काठावर ठेवला होता… आणि प्रकाश तर काठाच्याही वरून येत होता. कोणीतरी हातात धरल्यासारखा. किंचित हलत होता. वहिनींचा तो अंगठीचा हात भरून आला की हलायचा, तसा.

त्याने मान वळवली नाही. वळवली तर तिथे कोणी नसणार, एवढं त्याला कळत होतं. गळती सापडली होती, काम संपलं होतं. तरी तो म्हणाला,

“थोडं डावीकडे.”

प्रकाश सरकला.

“आता उजवीकडे…”

सरकला.

किती वेळ असं चाललं, त्याला सांगता आलं नाही. शेवटी तो म्हणाला,

“त्या आठवड्यात मी तेल बघितलं नव्हतं गं.”

…

प्रकाश जागचा हलला नाही. बराच वेळ. मग हळूच विझला.

अंधारात चाचपडत तो वर आला, दिवा लावला. कोणी नव्हतं. टॉर्च काठावर होता. गॅरेजच्या कपाटात नवा स्विच पडून होता, तो त्याने बसवला. खाली कोरा कागद अंथरला आणि पहाटेपर्यंत त्याच्याकडे बघत बसला. कागद कोराच राहिला. मग टॉर्च फडक्याने उचलून गाडीत टाकला आणि मला हाक मारायला आला. एकट्याने मुलीसमोर जायची त्याची हिंमत नव्हती.

गाडीत हे सगळं ऐकून मी काय म्हटलं असेल? म्हटलं, रात्रभर जागा, पोटात अन्न नाही, डुलकी लागली असेल.

मुलगी दारातच उभी होती. बापाकडे न बघता तिने गाडीखाली वर्तमानपत्र सरकवायला लावलं. तिला वाकता येत नव्हतं. पंधरा मिनिटांनी म्हणाली, “काका, तुम्ही बघा.” मी गुडघ्यावर बसून बघितलं. “कोरडं आहे, बाळा.” तिने दाराला हात घातला, तेवढ्यात फोरमन म्हणाला, “थांब. मी तुला खोटं सांगितलं होतं. पंप गेला नव्हता. मी तेल बघितलं नव्हतं. माझ्यामुळे गेली तुझी आई.”

मी मनात म्हटलं, संपलं! आता ही आत जाऊन दार लावून घेणार.

ती रडली. उभ्या उभ्या, मोठ्याने रडली. मग म्हणाली, “एवढंच ऐकायचं होतं, बाबा. वर्षभर.” आणि पुढच्या सीटवर बसली. आईच्या जागेवर.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “गाडीत आईचा वास येतोय.” त्याचं कारण मला ठाऊक होतं, इंजिनवर डबाभर पावडर होती. मग तिने पायाशी पडलेलं फडकं उचललं, आतून टॉर्च काढला. बघत राहिली. म्हणाली, “बाबा, हा कोणी धरला होता?”

फोरमनने गाडी कडेला घेतली. मी मागून वाकून बघितलं. काळा टॉर्च. त्यावर पावडरची चार पांढरी बोटं. बारीक, बाईमाणसाची. शेवटून दुसऱ्या बोटाचा ठसा मध्येच तुटलेला, अंगठीएवढा.

फोरमनचे हात स्टिअरिंगवर होते. रॉकेलने धुऊनसुद्धा काळेच.