रिकाम्या टेबलावरचा भुसा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. खोटी रचली असती, तर मी त्यात स्वतःला जरा शूर दाखवलं असतं.

गेल्या महिन्यातला रविवार. भर दुपार. शेजारचे सगळे गाळे बंद. वर्कशॉपमध्ये मी आणि माझा मामा, दोघंच.

आम्ही इमारतींवरची नक्षी कापतो. लाकडासारखा घट्ट, जड फोम टेबलावर ठेवायचा. कॉम्प्युटरवर डिझाइन चढवायचं. मग सीएनसी राउटरचं फिरतं पातं ते कोरून काढतं. त्या दिवशी खांबांची डोकी होती. पानापानांची.

मामा कुणाला घाबरत नाही. मामी सोडून, पण तो विषय वेगळा.

नवीन डिझाइन आम्ही आधी हवेतच चालवून बघतो. टेबल रिकामं, पातं वरच्या वर. पण त्याआधी मशीनला शून्य दाखवावं लागतं, म्हणजे माल कुठून सुरू होतो ते. त्यासाठी बंद पात्याखाली कागद धरायचा आणि पातं त्याला टेकवायचं.

मामाला कागद सापडला नाही.

त्याने तळहात धरला.

"मामा, मशीनला वाटेल तूच माल आहेस."

"बरंय की. कुणाला तरी आपण कामाचे वाटलो," मामा म्हणाला. हात काढला, बटण दाबलं आणि लांब भिंतीशी जाऊन उभा राहिला.

हवेत पातं नुसतं गुणगुणतं.

हे मात्र... गुरगुरत होतं. जड माल लागल्यावर गुरगुरतं, तसं.

मी वाकून पाहिलं. टेबल रिकामं. पुन्हा पाहिलं. रिकामंच.

आणि मग... भुसा पडायला लागला.

आमचा फोम पिवळा. हा भुसा गव्हाळ होता.

आणि कोमट.

"बंद कर रे," मामा हळूच म्हणाला. "पाठीला झोंबतंय."

मी लाल बटण दाबलं. काही नाही.

प्लग उपटला.

गुरगुर चालूच...

थांबली ती आपल्या मर्जीने. कॉम्प्युटरवर ओळ आली, 'रफ कट पूर्ण. फिनिशिंग बाकी.'

मी मामाचा शर्ट वर केला. रक्ताचा थेंब नव्हता. पाठीवर पानं होती. ओबडधोबड, पायऱ्यापायऱ्यांची, रफ कटनंतर फोमवर दिसतात तशी.

डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे. कशाची, विचारलं. म्हणाले, पानांची असेल.

मी वर्कशॉपला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे ठेवली.

काल मामीचा फोन आला. "अरे, रोज अंथरूण झाडते, रोज भुसा निघतो. तुझे मामा जेवत नाहीत, झोपत नाहीत. नुसते कोपऱ्यात उभे. दोन्ही हात वर, छताला टेकवून."

"मग मी येऊ का?"

"नको. ते किल्लीच मागतायत. ते कितीही गोड बोलू देत, देऊ नकोस."

आज दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. बोटांची वाटत नव्हती. पोकळ... फोमवर फोम आपटावा तशी.

"बाळा, किल्ली दे. फक्त फिनिशिंग राहिलंय."

मामाने मला जन्मात कधी बाळा म्हटलेलं नाही. गाढवा म्हणतो.

"उद्या बघू, मामा," मी म्हणालो.

तो गेलेला नाही. बाहेर पातं फिरल्यासारखा आवाज येतोय, आणि दाराखालच्या फटीतून भुसा आत येतोय.

आता हा भुसा गव्हाळ नाही.

हाडासारखा पांढरा आहे.