खिशातला हात

बसा अशा उजेडाशी. सांगते, पण मध्ये कोणी बोलायचं नाही. मी एकदा थांबले की पुढचं सांगवत नाही मला.

त्या दिवशी मी नुसती चहा द्यायला गेले होते. भरदुपार होती, पण आभाळ इतकं दाटलेलं की मागच्या खोलीत दिवा लावावा लागला होता. माझा लेक तिथं गाणी ऐकायचा अ‍ॅम्प्लिफायर बांधत होता. जुन्या धर्तीचा, व्हॉल्व्हचा. मुठीएवढ्या काचा त्या, आत तारांची जाळी. चालू केल्या की पोटात निखारा फुलल्यासारख्या दिसायच्या. खोलीभर राळ जळल्याचा वास.

सूनबाईला ते खटाटोप मुळीच पसंत नव्हते. "अहो, दुकानात तयार मिळतो. बटण दाबलं की गाणं. तुम्ही सगळ्या सुट्ट्या तारांत डोकं घालून घालवल्या, आणि निघालं काय, तर घूं."

"तयार कोणीही आणतं. आपल्या हातच्या आवाजाची गोडी निराळी असते."

"ती चाखायला जिवंत राहा म्हणजे झालं. आई, तुम्हीच सांगा यांना."

मी काय सांगणार? पण तिची भीती खोटी नव्हती. त्या यंत्रात भिंतीतल्या विजेपेक्षा कितीतरी जबर वीज तयार होते. म्हणून चालू यंत्रात हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज असतं. सूनबाईनं त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घालून ठेवली होती.

काचा त्यानं एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या विधवेकडून आणल्या होत्या. तो माणूस कामाच्या टेबलावरच गेला होता, ह्याच विजेनं. मला ते रुचलं नव्हतं, पण मोठ्या झालेल्या लेकाला किती म्हणून टोकायचं.

तर मी चहा घेऊन दारात उभी. गाण्याची तार अजून जोडलेली नव्हती. स्पीकरमधून नुसती घूं येत होती. काचेला टिचकी मारली की स्पीकर ठण्ण वाजायचा. लेक म्हणायचा, ह्या काचांना ऐकू येतं. मी जरा कान दिला. घूंच्या खाली कोणीतरी श्वास घेत होतं.

"तुझा श्वास वाजतोय का रे त्यात?"

"कसला श्वास, आई. घूं आहे ती. आत्ता घालवतो." उजव्या हातात तपासायची सळई, डावा खिशात. तो यंत्रावर वाकला.

आणि स्पीकरमधून कोणीतरी विचारलं, "दुसरा हात कुठाय?"

हळू, मायेनं. जेवलास का विचारावं तसं.

मी लेकाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले नव्हते. पापणीही हलत नव्हती. नजर काचेतल्या निखाऱ्यावर, आणि डावा हात खिशातून बाहेर येत होता... सावकाश, झोपेतल्यासारखा.

"बाळा..." मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू येईना.

"दुसरा हात... कुठाय..."

बोटं यंत्राच्या पत्र्याला टेकणार, तेवढ्यात मी कप टाकला आणि त्याची कॉलर धरून अंगाच्या सगळ्या भारानं मागे ओढला. दोघंही फरशीवर पडलो. पडल्यापडल्याच मी वायर उपसली. घूं हळूहळू बसत गेली. पिन काढली तरी यंत्रात वीज थोडा वेळ उरते, तेवढं मला माहीत आहे. पण घूं पुरती विझली, काचा काळ्या पडल्या, आणि त्यानंतर पुन्हा आलं, अगदी स्वच्छ.

"कुठाय?"

"आई, ओढलंस कशाला?" लेक म्हणाला. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं.

सूनबाईनं त्याच आठवड्यात दुकानातून तयार अ‍ॅम्प्लिफायर आणला, खोक्यात बंद, एकही काच नसलेला. लेक त्यावर एका शब्दानं भांडला नाही, तेच मला बरं वाटलं नाही. मी काचा फडक्यात बांधल्या आणि त्या विधवेच्या दारात नेऊन ठेवल्या.

"तुमच्या माणसाचा जीव अडकलाय यात," मी म्हटलं. "माझ्या लेकाला विचारतो, दुसरा हात कुठाय."

ती शर्टाला बटण लावत होती. सुई तशीच राहिली. "बोलून विचारतो?"

"हो. पुरुषाचा आवाज."

"मग ते आमचे हे नव्हेत. हे जन्माचे मुके. ऐकू सगळं यायचं, पण बोलायचे ते हातांनी."

तिनं सुई शर्टात खोचून ठेवली. मग म्हणाली, "एवढा सावध माणूस, खिशातला हात काढला कसा, याचं मला कोडं होतं. कोणीतरी काही विचारलं असणार हो... यांना उत्तर द्यायला दोन्ही हात लागायचे."

मी फडक्यापासून दोन पावलं मागे सरले.

"तुमच्या मुलानं उत्तर नाही ना दिलं?"

"नाही."

"त्याला देऊ देऊ नका."

बोचकं तिथंच टाकून मी घर गाठलं. सूनबाई दारात हसत उभी. "आई, बघा तरी तुमच्या लेकाकडे. नवीन यंत्राची पिनसुद्धा भिंतीत लावलेली नाही अजून, आणि हे कान लावून बसलेत."

मी आत गेले. तो बंद स्पीकरला कान लावून बसला होता. वडीलधाऱ्यानं विचारपूस केल्यावर आपण हलवतो, तशी मान हलवत होता.

"खिशात होता," तो हळूच म्हणाला. "काढतो हं."