मुरंगपेठ्याचा अभयांक

रोज सकाळी सात वाजता रैनी पुंगाटी ही नदीच्या पुलाजवळच्या प्रवासी माहिती केंद्राचे दार उघडी, उंबऱ्यावर पाणी शिंपडी आणि ध्वनिक्षेपकासमोर बसून आपल्या गावाची खबर जगाला देई. आधी मराठीत, मग माडियात, मग नदीपलीकडच्यांसाठी तेलुगूत. "मुरंगपेठा. नदीला पाणी गुडघाभर. पूल खुला. मुक्कामाची सोय आहे. जेवणात आज अंबाडीची भाजी. अभयांक ब्याण्णव. या जी, सावकाश या."

शेवटचे वाक्य शासनाच्या नमुन्यात नव्हते. ते तिने आपण होऊन जोडले होते.

ज्या वनप्रदेशाने तीस वर्षे बंदुकांचे आवाज ऐकले, तेथे आता कोणती वाट निर्धास्त आहे, हे 'पथसाक्षी' नावाचे यंत्र सांगत असे. वाटेने जाणाऱ्याने गावाच्या वेशीवर एक मऊ पट्टा मनगटावर चढवायचा आणि दुसऱ्या वेशीवर परत करायचा. त्या पट्ट्याला नाडीवलय म्हणत. माणूस भीती लपवील, नाडी लपवणार नाही, अशा श्रद्धेने पथसाक्षी सर्वांच्या नाड्या मोजी, खांबांवरच्या कानांनी वाटेची चाहूल घेई आणि शंभरापैकी एक अंक काढी. तोच अभयांक. ऐंशीच्या वर असला तर गाव नकाशावर हिरवे, खाली घसरला तर तांबडे.

सलग शंभर दिवस हिरव्या राहिलेल्या गावाला तालुक्याहून रोजची बस मिळणार होती. रैनीची दहा वर्षांची सोमारी तालुक्याच्या वसतिगृहात राही. दिवाळी आटोपून ती परत गेली, तेव्हा बसच्या गप्पा मारतच गेली होती. बस आली की ती रोज शाळा करून रात्री आईजवळ निजणार होती. शहाण्णव दिवस झाले होते. त्यांत एक दिवस असा गेला होता की आकडा पूर्ण शंभर भरला आणि तरी "सावकाश या" हे शब्द काही रैनीच्या तोंडून निघाले नाहीत. त्याविषयी ती कोणाशी बोलली नव्हती.

सत्त्याण्णवाव्या दिवशी बियांचा सण होता. आदल्या दिवशी दुपारीच रैनी कोमटी वड्डेकडे गेली. कोमटी गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी. तो अंगणात पळसाच्या मुळ्यांचा दोर वळत बसला होता.

"मामा, यंदा दोर नाही बांधला तर नाही चालणार का जी?"

"मग पहिलं बी कोणाच्या हातून पडंल? तुझ्या यंत्राच्या?"

त्या गावाची रीत अशी, की रब्बीच्या जवसाचे पहिले बी गावातल्या कोणी टाकायचे नाही. वाटेवर आडवा दोर बांधायचा, येईल त्या अनोळखी वाटसरूला थांबवायचे, पाणी द्यायचे, त्याच्या हातून मूठभर बी मातीत टाकवायचे आणि त्याच्यासह ढोलावर एक फेर धरायचा.

"ढोल वाजला की नाड्या धावतात, मामा. यंत्र म्हणतं, माणसं भ्याली. मागं वरात पुलावरून नाचत गेली, तर आकडा एक्क्याऐंशीवर आला होता. थोडक्यात वाचलो."

कोमटीने दोराला पीळ दिला. "अकरा सालं या वाटेनं कोणी आलं नाही. अकराही सालं मीच नाल्यापोत गेलो न पाहुणा होऊन परत आलो. तुझी माय विचारे, 'कोठचे जी तुमी?' मी म्हणे, 'लय दूरचा, बाई, पाणी द्या.' एका सालात तर ती म्हणाली, 'मी तुमाले वळखत नाही,' न दारच लावून घेतलं!" तो खुदखुदून हसला. मग हलकेच म्हणाला, "आता खरा माणूस येते, पोरी. आता दोर सोडू का?"

जाताना दोराचे दुसरे टोक रैनीनेच धरून दिले.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली ती अरुंधती देवस्थळे यांची. पथसाक्षी घडवणाऱ्या अभियंत्या त्या, आणि शंभर दिवसांची अखेरची पडताळणी करायला नागपूरहून येत होत्या. वेशीवर त्यांनी नाडीवलय चढवले, आणि वाटेवर आडवा दोर दिसताच गाडी करकचून थांबवली. जुन्या अहवालांत आडव्या दोरापुढे बंदुकाच असत. पण पुढे आला तो पाण्याचा तांब्या, मग बियांचे सूप, आणि मग वीस-पंचवीस बायकांनी त्यांना हाताला धरून फेरात ओढले. प्रथम त्यांची पावले अडखळली, मग लागली. केंद्रातल्या पडद्यावर आकडा एकसष्टवर येऊन तांबडा झाला.

"मार्ग अवरुद्ध. जमाव आहे. प्रवाशांनी मुरंगपेठा टाळावा," खांबावरचा कर्णा बोलू लागला. त्याच वेळी अरुंधतीबाईंच्या फोनवर पथसाक्षीचा आवाज आला. "आपण संकटात आहात. मदत पाठवू का?"

"नको, नको!" त्या धापा टाकत ओरडल्या. "मी नाचतेय!"

"भयाखाली केलेले विधान ग्राह्य धरले जात नाही."

"हा नियम कोणत्या शहाण्याने लिहिला?"

"तुम्हीच जी, मॅडम," धावत आलेली रैनी म्हणाली. "पुस्तिकेत बाराव्या पानावर आहे."

दिवसाची नोंद सूर्यास्ताला पक्की होई, आणि ऊन तर कलले होते. रैनी आल्या पावली केंद्रात परतली. मग तिथली नाडीवलयांची पेटी आणि पडदा दोन्ही उचलून तिने फेरात आणले आणि प्रत्येकीच्या मनगटावर एकेक पट्टा चढवला. आकडा घसरत चौतीसवर गेला.

"रैनीताई, अहो, काय करताय हे?"

"आकडा सोडा. रेषा बघा."

पडद्यावर सव्वीस नाड्यांच्या सव्वीस रेषा होत्या. ढोल चढला की साऱ्या एकदम चढत, आणि ढोल मंदावला की साऱ्या एकदम उतरत.

"मी सात वर्षांची होते," रैनी म्हणाली. "बाहेर गोळ्या चालल्या होत्या आणि मी धानाच्या कोठीमागे आईच्या छातीला कान लावून बसले होते. तिचं काळीज निराळं धावत होतं, माझं निराळं. इतक्या चिकटून बसलो होतो, पण चाल काही एक नव्हती."

अरुंधतीबाईंनी पडदा जवळ ओढला. मग त्यांनी यंत्राला एक नवे माप शिकवले. अनेक हृदयांनी मिळून चढावे आणि मिळून उतरावे, त्याला त्यांनी 'सहस्पंद' असे नाव दिले. पथसाक्षीने आकडा पुन्हा काढला. चौऱ्याण्णव. हिरवा. बायकांनी असा कल्लोळ केला, की खांबाचे कान बधिर झाले असतील.

परंतु नव्या मापाने यंत्र मागचे दिवसही तपासू लागले होते. पडद्यावर अक्षरे उमटली : "दिवस एक्केचाळिसावा. वाटेवर एकही नाडी नाही. पाऊल नाही, बोलणे नाही. अभयांक शंभर नोंदवलेला आहे. त्या दिवशी गाव निर्भय होते का? स्थानिक माहिती अधिकाऱ्याने सांगावे."

रैनीला तो दिवस लख्ख आठवला. नाल्यावर बंदूकवाले दिसल्याची आवई उठली होती. ती खोटी ठरली ती दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मात्र अख्खे गाव दारे लावून बसले होते, आणि तिने ओस वाटेला 'अभयांक शंभर' ऐकवले होते.

"'नाही' म्हणालात, तर मोजणी तिथून पुन्हा सुरू होईल. सत्त्याण्णवाचे छप्पन्न होतील," अरुंधतीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी इकडे पाहत नाही."

"बघा ना जी, खुशाल बघा. उद्या सकाळी 'सावकाश या' कोणत्या तोंडानं म्हणू?"

तिने 'नाही' लिहिले. मग सोमारीला फोन लावला आणि सांगितले, अजून चव्वेचाळीस दिवस.

पलीकडे बोटे मोजली गेली. "म्हणजे संक्रांतीच्या आत की! आई, तू नाचलीस का?"

"नाही गं, काम होतं."

"मग आता जा ना!"

रैनी हसत फेराकडे वळली. अरुंधतीबाईंनी सहज सबंध राज्याचा नकाशा उघडला; शहरांतल्या वसाहतींनीही आता पथसाक्षी बसवून घेतले होते. त्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून लुकलुकू लागले होते. जिथे जिथे वाटा ओस आणि अंक शंभर, तिथे तिथे यंत्र तोच प्रश्न विचारत होते. त्यांतला एक ठिपका नागपुरातल्या त्यांच्याच वसाहतीचा होता. "दिवस तीनशे बारा. वाटेवर बोलणे नाही. अभयांक शंभर."

त्यांच्या मनगटावरचे वलय काढायचे राहूनच गेले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेषा एकटीच चढू लागली.

ढोल खाली टेकवत कोमटीने विचारले, "काहो बाई, तुमच्या गावाले दोर कोण बांधते जी?"