जाणत्या टायरचं शून्य

“दोनशे पंचवीस का दोनशे पंचावन्न?” इम्तियाज मुल्लाणींनी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे मृण्मयीच्या लक्षात आलं की ते आपल्याशी बोलताहेत.

शिरोलीच्या त्यांच्या टायरच्या दुकानात काळी सेडान जॅकवर उचललेली होती. ही तिच्या भावाची, हर्षवर्धनची गाडी. गेल्या पावसाळ्यात आंबा घाटातल्या एका वळणावर ती घसरून कठड्यावर आदळली आणि हर्षवर्धन जागीच गेला. गाडी दुरुस्त होऊन आली होती. उजव्या दाराचा रंग इतका छान जुळला होता की माहीत नसलेल्याला काही कळलं नसतं. सोमवारी याच गाडीने, त्याच घाटातून, मृण्मयीला रत्नागिरीला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. या विचाराने आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हे तिला कळत होतं. होत काहीच नव्हतं.

“तुमच्या वडलांचा, आबासाहेबांचा फोन आलता,” इम्तियाजभाई म्हणाले. “रुंदच घाला म्हणाले, दोनशे पंचावन्नचे. अरुंद टायरनं पोरगं घालवलं म्हणाले.”

“रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणात चांगला धरतो,” ती म्हणाली. मटेरियल सायन्स शिकलेल्या माणसाचा कोरडा आवाज तिला अशा वेळी उपयोगी पडे. “पण जमिनीला टेकणारा भाग फार काही वाढत नाही. तो गाडीचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतो. रुंदीला वाढला की लांबीला घटतो. आणि साचलेलं पाणी बाजूला सारायला रुंद टायरला जास्त कष्ट पडतात. वेगात तो पाण्यावर तरंगतो.”

“मग आबासाहेबांना काय सांगू?”

“थांबा जरा. आधी जुने टायर वाचून बघा.”

हे जाणते टायर होते. रबरात केसाहून बारीक तंतू विणलेले असत आणि रस्त्यावरची पकड ते क्षणाक्षणाला मोजत. पकड कमी झाली की गाडी आपणहून वेग उतरवी. चालकाने ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी त्यापुढे जाऊ देत नसे. महामार्गावरचे अपघात त्यामुळे निम्म्यावर आले होते. लोकांनी रस्त्याकडे बघायचं सोडलं होतं, डॅशबोर्डवरच्या हिरव्या पट्टीकडे बघून ते गाडी चालवत.

हर्षवर्धनच्या गाडीची पट्टी शेवटपर्यंत हिरवी होती. विमा कंपनीच्या तज्ज्ञांनी टायर निर्दोष ठरवले आणि रस्त्यावर तेल सांडलेलं असावं, असं लिहून दिलं.

इम्तियाजभाईंनी मागच्या टायरला वाचक, म्हणजे तंतूंमधली नोंद वाचणारं यंत्र, लावला. पडद्यावर आलेख उमटला. मृण्मयी वाकून बघू लागली आणि आलेखाच्या सुरुवातीलाच अडकली.

“हे शून्य असं का?”

“शून्य म्हणजे?”

“नवा टायर पहिल्यांदा जमिनीवर टेकून वीतभर पुढे सरकतो, तेवढ्यात तो कोरड्या जमिनीची पकड किती, हे ठरवून ठेवतो. पुढे आयुष्यभर सगळं त्याच्याशी ताडून बघतो. ही पकड कोरड्या फरशीची नाही, इम्तियाजभाई. निसरड्याची आहे. ओल्या घाटात याला वाटत राहिलं, सगळं कोरडं आहे.”

“आमची फरशी कोरडीच असते. कंपनीची सक्त ताकीद आहे. चाक टेकवायच्या आधी मी स्वतः पुसून घेतो, पुसली नाही तर जॅकचं मशीनच चालू होत नाही.” ते दुखावले होते. “दुसऱ्याला लावून बघा.”

दुसऱ्याचंही शून्य तसंच निघालं. पुढचे दोन अपघातात फाटून डिकीत पडले होते, पण त्यातले तंतू शाबूत होते. चारही सारखे. एक टायर सदोष निघतो. चारही अगदी सारखे सदोष निघत नाहीत. चारही चाकांना एकाच वेळी, एकाच जागी काहीतरी लागलं होतं.

“टायर बसवून गाडी जॅकवरून उतरवली, त्यानंतर काय केलं होतं?” तिने विचारलं.

“काय करणार? पूजा केली, गाडी बाहेर काढली.”

“मी होते की,” बाकावर बसलेली आई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लिंबं मीच ठेवली, चारी चाकांखाली. हर्षू म्हणाला, आई, सरक बाजूला, पाय सापडंल.” ती किंचित हसली. “चारीच्या चारी एकदम फुटली. लई चांगलं लक्षण असतं.”

इम्तियाजभाई हातातल्या वाचकाकडे बघत राहिले.

लिंबाचा रस. सालीतलं तेल. पहिली वीतभर चाल त्यावरून झाली होती. फरशी कोरडी हवी, हे सगळ्यांनी मनापासून पाळलं होतं. पूजेतलं लिंबू ओलं असतं, हे कुणी धरलंच नव्हतं. टायर जिथे तयार झाला, तिथल्या लोकांच्या स्वप्नातही लिंबू आलं नसणार.

मृण्मयीला स्वतःच्या हातांची बोटं दूरची वाटत होती. कुणाला सांगावं लागेल, हे तिचं डोकं मांडत गेलं: कंपनीला, परिवहन खात्याला. त्यांचं पत्रक पेपरात छापून येईल. आबा रोज पेपर वाचतात, आईला वाचून दाखवतात.

“इम्तियाजभाई,” ती हळूच म्हणाली, “असे किती टायर बसवले असतील तुम्ही?”

“मी एकटाच बसवतो व्हय?” त्यांचा आवाज पार खाली गेला होता. “दसऱ्याला तर रांग असते, ताई. अर्धं कोल्हापूर लिंबावरनं बाहेर पडतं.”

मृण्मयीने त्यांच्या हातातला वाचक बंद केला. शेवटी तिनेच सांगितलं, “दोनशे पंचवीसच घाला. आबांशी मी बोलते.”

टायर बसले. गाडी खाली आली. आई उठली आणि पिशवीतून चार लिंबं काढून पुढच्या चाकापाशी बसली. “रुंद टायर घालणार म्हणून मोठी बघून आणली होती,” ती म्हणाली. “असू देत.”

“आई, थांब. आधी गाडी हातभर पुढे घेऊ. मग ठेव.”

“लिंबाआधी चाक हलवायचं नसतं, बाळ.”

“नव्या टायरचा तसा नियम आहे. आधी थोडं चालवायचं, मग पूजा. तुझी लिंबं चुकत नाहीत, फक्त मागाहून ठेवायची.”

इम्तियाजभाईंनी घाईने मान हलवली. “व्हय, व्हय. आता तसंच करत्यात, वहिनी.”

मृण्मयी गाडीत बसली. चाकं कोरड्या फरशीवरून हातभर पुढे सरकली आणि थांबली. डॅशबोर्डवर पट्टी उजळली. एवढं साधं होतं. ती खाली उतरली, तेव्हा आई तशीच बसलेली होती, लिंबं पदरात धरून. तिची नजर चाकावर होती.

“मागच्या खेपेला तसं केलं नव्हतं,” आई सावकाश म्हणाली. “मी आधीच ठेवली होती.”

इम्तियाजभाई जॅक ओढत आत घेऊन गेले.

तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं. “मग त्या वेळी काय चुकलं व्हतं का गं?”